खिशातली भाकरी

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी, चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी, सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना माझे थोरले दीर शांतवनदादा यांनी हातातला भाकरीचा तुकडा तोंडात न घालता खिशात ठेवला. हे मी बघितलं, कारण माझे डोळे उघडे होते. ते का उघडे होते हे पुढे सांगते, आधी तुकड्याचं. चोरून लपवल्यासारखा नाही ठेवला. खिशातून रुमाल काढला, घडी उलगडली, तुकडा मधोमध ठेवला, पुन्हा घडी घातली, रुमाल शर्टाच्या खिशात सारला आणि वरून हलकेच थोपटलं, लेकराला निजवताना थोपटतात तसं. मग त्यांनी डोळे मिटले. पाळकसाहेबांची प्रार्थना चालू होती, पंखा कुरकुरत होता, माझ्या शेजारी माझी जाऊ एस्तेरआक्का ओठ हलवत होती, पुढच्या रांगेत माझे पती कुमार मान खाली घालून चावत होते, आणि माझा तुकडा माझ्या जिभेवर तसाच राहिला. ज्वारीची भाकरी जिभेवर ठेवली की हळूहळू गोड लागायला लागते. प्रार्थना संपेपर्यंत मी ती चावली नाही.

घरी येताना रिक्षात मी तीन कारणं काढली. एक, दादांची साखर वाढली असेल. पण साखरवाल्यांना डॉक्टर ज्वारीचीच भाकरी खायला सांगतात. दोन, दाढ दुखत असेल. पण दुपारी त्यांनी भाजलेले शेंगदाणे मूठभर खाल्ले, तेव्हा दाढही बाद झाली. तीन, डोक्यात काही नवीन शिकवण शिरली असेल, आजकाल मोबाइलवर जो तो बाकीच्यांचं कसं चुकतंय ते सांगत असतो; पण दादा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, त्यांच्या मोबाइलमध्ये शाळेच्या पोषण आहाराचे फोटो सोडून दुसरं काही नसतं. चौथं कारण मला सुचेना, आणि कारण सुचेनासं झालं की मला भूक लागत नाही. हा माझा माहेरचा रोग आहे. माझं माहेर तेर. तिथली जमीन अशी की पाऊस पडून गेला की शेतात काहीतरी वर येतंच, एखादा मणी, खापराचा तुकडा, शंखाच्या बांगडीचा अर्धा गोल. शाळेतून येताना माझी मान कायम खाली. आई म्हणायची, हिला कुबड येणार. आप्पा म्हणायचे, बघू दे की तिला. संघप्रिया हे नाव त्यांनीच ठेवलेलं. विहारात वंदनेला बसल्यावर मी एक डोळा उघडून कोण काय करतंय ते बघायची, आणि आप्पा घरी आल्यावर त्यावरून मला चिडवायचे, म्हणजे त्यांचाही एक डोळा उघडा असणार. आमची भावकी मोठी. काही घरं छप्पननंतर बौद्ध झाली, काही त्याच्या कितीतरी आधी ख्रिस्ती झालेली, पण सोयरीक कुणी तोडली नव्हती. कुमारांचं स्थळ आलं तेव्हा आप्पांनी मला विचारलं, मी हो म्हणाले. धाराशिवच्या गाडीत बसवताना ते खिडकीपाशी उभे राहून म्हणाले, "कुठंबी जा पोरी, पर उघड्या डोळ्यानं जा." मी ते शब्दाला शब्द धरून चालले. बावीस वर्षं झाली, बाप्तिस्मा झाला, रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायला लागले, पण प्रार्थनेत माझे डोळे मिटत नाहीत.

आमची मंडळी म्हणजे आठ घरं. शहरात मोठ्या मंडळ्या आहेत, तिथे प्रभुभोजनाला पातळ पांढऱ्या चकत्या असतात. आमच्याकडे पहिल्यापासून ज्वारीची भाकरी. कधीकाळच्या एका पाळकसाहेबांनी ठरवलं म्हणे, की इथली माणसं रोज जे खातात तेच मोडायचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, आणि भाकरी पाळीपाळीने एकेका घरची. एकच मोठी भाकरी, जाड, मंडळीतल्या तीसेक माणसांना पुरेल अशी. पण ती थापण्याआधी एक विचारणा असते. शनिवारी संध्याकाळी मंडळीचे वडीलधारे ईरण्णाकाका, मूळचे लोहाऱ्याकडचे, आपली जुनी लुना फटफटवत पाळीच्या घरी येतात, उंबऱ्याबाहेर उभे राहतात आणि विचारतात, "घरात सलोखा हाय का?" घरातल्या बाईने सांगायचं, "हाय." मग ते म्हणतात, "मग थापा भाकरी," आणि चहासुद्धा न घेता जातात. बस्स, एवढंच. नवीन लग्न होऊन आले तेव्हा मला ही विचारणा फार आवडली होती. मी सासूबाईंना विचारलं होतं, कुणी नाही म्हणालं तर? सासूबाई पिठाच्या हातानेच कपाळ पुसत म्हणाल्या, "न्हाय कशाला म्हणंल कुणी?" त्यांच्या कपाळावर पीठ लागलेलं मला अजून दिसतं. प्रश्नाचं उत्तर मात्र मिळालं नव्हतं.

या जानेवारीत आमची पाळी होती. सासूबाई डिसेंबरात गेल्या. कुमार एसटीत चालक आहेत. त्या दिवशी पुण्याची गाडी घेऊन गेलेले. सासूबाईंची नजर आधीच गेलेली, त्यात चार दिवस अंथरुणावर होत्या, पण डॉक्टर म्हणाले होते घाबरायचं कारण नाही. दुपारी एकदम खालावल्या. मी औषधाच्या दुकानात गेलेले, आक्का पाणी तापवत होती, जवळ फक्त दादा. मी परत आले तेव्हा सगळं झालेलं होतं. दादांनी कुमारांना फोन केला तो गाडी पुण्याच्या स्टँडवर लागल्यावर. घाटात कसं सांगायचं, गाडीत चाळीस माणसं, असं ते म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. कुमारांनाही ते पटलं असतं. पण दफन करून आल्यावर कुमारांनी विचारलं, "दादा, आई शेवटी काय म्हणली?" दादा म्हणाले, "काय न्हाय." "माझं नावबी न्हाय काढलं?" दादा गप्प बसले. नुसते गप्प बसले असते तरी चाललं असतं, पण त्यांनी तोंड फिरवलं. तेव्हापासून कुमार त्यांच्याशी बोललेले नाहीत. नाताळला आमच्या घरावर चांदणी लागली, मंडळी गाणी म्हणत दारात आली, दोघे भाऊ दोन कोपऱ्यांत उभे राहून एकच गाणं म्हणत होते, आणि बाहेरच्यांना वाटलं, आईचं दुःख आहे. पहिल्या शनिवारी ईरण्णाकाकांनी विचारलं आणि मी म्हणाले, "हाय." महिन्याभरात निवळेल असं खरंच वाटलं होतं मला. शिवाय सासूबाई गेल्यावर त्यांच्या जागी उत्तर द्यायची ती माझी पहिलीच वेळ. आक्का थोरली, पण ती म्हणाली तू दे, तुला बोलायला येतं. दादा माझ्या मागे उभे होते. त्यांनी ऐकलं.

निवळलं नाही. निवळलं नाही म्हणजे भांडणही झालं नाही, भांडण झालं असतं तर मी देवाचे आभार मानले असते. घर तेच, मधली खोली तीच, गॅस एकच. आम्ही दोघी जावा एकत्र स्वयंपाक करतो, हसतो, एकमेकींच्या नवऱ्यांची नक्कल करतो, आणि पंगती मात्र दोन बसतात. दादा आठला, कुमार नऊला. कुमारांची ड्यूटी बदलली की पंगतीचं वेळापत्रकही बदलतं, ते आक्का बरोबर लक्षात ठेवते. एकाला निरोप द्यायचा तर तो आमच्यामार्फत. "टाकीत पानी न्हाय म्हणावं." "सांगते." टाकी दोघांच्या मधोमध. हळूहळू आम्हाला त्याची सवय झाली, आणि मला भीती वाटते ती या सवयीची. मी जमीन मोजणीच्या कार्यालयात जुने नकाशे संगणकावर चढवायचं काम करते. त्यात कधीकधी एकाच शेतात पेन्सिलची पुसट रेघ असते. कुणीतरी, कधीतरी, कच्ची म्हणून मारलेली, आणि पुढे कुणी पुसली नाही म्हणून तिच्या दोन्ही बाजूंनी दोन वेगळी नावं लागलेली. अशी रेघ दिसली की मी थांबते आणि भिंगातून बघत बसते. शेजारच्या टेबलावरची निखत म्हणते, "दीदी, तुमी नकाशे चढवायलाव का वाचायलाव?"

तर तुकडा. मी आक्काला विचारलं. कांदा चिरता चिरता तिचा हात थांबला. मग ती म्हणाली, "तू तुझ्या ताटात बघत जा की." आक्का माझ्यावर कधी चिडत नाही, त्यामुळे तिला ठाऊक आहे एवढं मला कळलं. दादांना विचारायचा धीर झाला नाही. त्यांच्याशी माझं वागणं मोकळं आहे, पण ते खिसा थोपटणं डोळ्यांपुढे आलं की मी दुसरंच काहीतरी विचारून बसायची. मग मी पाळत ठेवायला लागले, लाज वाटते पण सांगते. रुमाल धुवायला येतो का? येतो, आणि त्याच्या घडीत ज्वारीचा भुगा असतो. तुकडा बाहेर कुत्र्याला, पाखरांना जातो का? नाही. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात दादा शाळेत आणि आक्का बाजारात असताना मी सासूबाईंच्या खोलीत गेले. झाडायला गेले असं सांगितलं असतं, पण मी शोधायलाच गेले होते. फळीवर त्यांचा औषधांचा पत्र्याचा डबा होता, त्या गेल्यानंतर तो कुणी हलवला नव्हता असं मी धरून चालले होते. पण बाकीच्या फळीवर धूळ आणि डब्याचं झाकण स्वच्छ. उघडलं. आत फडकं, फडक्यात भाकरीचे वाळलेले तुकडे. मी मोजले. आठ होते. काही पातळ, काही पांढरट, एकाला तीळ लागलेले, ते तीळ लावणारं घर मला माहीत आहे. आणि एक जाड, काठाला करपलेला. तो माझा. माझी भाकरी काठाला नेहमी करपते, सासूबाई त्यावरून मला बावीस वर्षं बोलल्या. मी तो तुकडा हातात घेऊन सासूबाईंच्या खाटेवर बसले. तेरला शेतात एखादी खापरी सापडली की मला आधी आनंद व्हायचा आणि मग भीती वाटायची, ही कुणाची, हिला आपण हात लावावा का. तसंच झालं.

आठ तुकडे म्हणजे आठ महिने. पहिला माझ्या भाकरीचा. म्हणजे जानेवारी, म्हणजे ज्या शनिवारी मी हाय म्हणाले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. माझा हिशेब झाला. दादांनी माझं खोटं ऐकलं, मला मंडळीपुढे उघडं पाडलं नाही, पण त्या खोट्यावर थापलेली भाकरी त्यांना खाववेना. आणि एकदा ती गेली नाही म्हणून पुढचीही जाईना. मी मात्र आठही महिने खाल्ली, वर डोळे उघडे ठेवून खाल्ली, आणि आधीच्या सातही वेळा माझी नजर नेमकी दुसरीकडे होती. मला रडू आलं, आणि रडतानाही एक चौकस बाई माझ्या आत विचारत होती, की मग वाळवून ठेवले कशाला? टाकता येत नाहीत हे समजतं. पण टाकता येत नाही म्हणून माणूस एखादी गोष्ट पुरतो, नदीत सोडतो. ठेवतो कशासाठी? ठेवतो ते कधीतरी खायचं म्हणून. या विचाराने मला बरं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच, कारण फिरून पाळी आमचीच होती. सप्टेंबरचा पहिला शनिवार. काका येणार, विचारणार. हाय म्हणावं तर डब्यात नववा तुकडा. नाही म्हणावं तर आठ घरांना कळणार की ज्या घरात सासऱ्यांनी मंडळीची पहिली पेटी वाजवली त्या घरात दोघे भाऊ बोलत नाहीत, आणि कुमार ते सहन करणार नाहीत, ते वेगळं बिऱ्हाड करतील. तसं ते एकदा म्हणालेही होते. मी त्यांना आदल्या आठवड्यात विचारलं, काय सांगू? ते बूट घालत होते. "व्हय म्हणून मोकळी हो," म्हणाले. "सगळेच म्हणत्यात." आणि लेस बांधत बराच वेळ तसेच वाकून राहिले.

शनिवारी पाचच्या सुमाराला लुनाचा आवाज आला. मी हात पुसत उंबऱ्याशी गेले. आक्का माझ्या मागे. दादा आतल्या खोलीत वह्या तपासत होते, दार उघडं होतं. कुमार यायचे होते. ईरण्णाकाकांनी डोक्यावरची टोपी काढली, ती ते या विचारणेच्या वेळीच काढतात, आणि म्हणाले, "घरात सलोखा हाय का?"

"न्हाय," मी म्हणाले.

काका "मग थापा" एवढं सवयीने बोलून गेले. मग थांबले. टोपी घातली. पुन्हा काढली. मला वाटलं होतं की ते रागावतील, किंवा निदान पुढचं काहीतरी ठरलेलं वाक्य म्हणतील. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि अगदी खऱ्या काळजीने विचारलं, "न्हाय म्हणल्यावर काय करायचं असतंय?"

"मला काय ठाऊक काका? तुमी वडील."

"चाळीस वरसं विचारायलोय. कुणीच न्हाय म्हणलं न्हाय, यव्वा." ते उंबऱ्यावर बसले. पहिल्यांदाच आमच्या घरी बसले. आक्काने पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर तांब्या दोन्ही हातांत धरून म्हणाले, "मार्चात आमची पाळी व्हती. पोरगं न् सून पुण्याहून आल्यालं, घरात एक शब्द सरळ न्हवता. आता माझ्या घरी विचारनार कोन? मीच भाईर गेलो, मीच दारात हुभारलो, मीच विचारलो, आन मीच आत यिऊन व्हय म्हणलो." मला हसू आलं आणि काकांनाही आलं. आक्का तोंडावर पदर धरून भिंतीला टेकली. हसता हसता माझ्या डोक्यात आलं, की आठही तुकडे असेच असतील का, तीळ लावलेला सुद्धा? आठ घरं, आठ उंबरे, प्रत्येक उंबऱ्यावर एक बाई हाय म्हणतेय. या विचाराने मला दुःख व्हायला हवं होतं. मला उलट ती सगळी घरं एकदम जवळची वाटली.

एवढ्यात फाटक वाजलं. कुमार खाकी कपड्यांत, हातात डबा, उंबऱ्यावर बसलेल्या काकांकडे बघत उभे राहिले. त्यांच्या लक्षात आलं. माझ्याकडे त्यांनी रोखून बघितलं. "काय सांगितलंस?" मी म्हणाले, खरं ते सांगितलं. ते निघून गेले असते. ते खरंच वळले होते, फाटकाकडे एक पाऊल टाकलंही होतं. तेव्हा आतून दादा आले, हातात तो पत्र्याचा डबा, चष्मा कपाळावर, बोटाला लाल शाई.

"प्रियाचं काय चुकलं न्हाय," दादा म्हणाले. बोलले ते काकांकडे बघत, पण आवाज कुमारांसाठी होता. "जानेवारीत ती हाय म्हणली तवा मला वाटलं, चला, आता सांगायची येळ गेली. सलोखा हाय म्हणल्यावर सांगायचं तरी काय?" मग ते कुमारांकडे वळले. "आई तुझं नाव काढली. तीनदा काढली. कुमार आला का, कुमार आला का. तिला दिसत न्हवतं, तुला ठाव हाय. तिसऱ्या बारीला मी म्हणलो, आलो आई."

कुमारांनी हातातला जेवणाचा डबा खाली ठेवला.

"तिनं हात वर केला. मी डोकं खाली घातलो. तुझं नाव घिऊन आशीर्वाद दिला तिनं. माझ्या डोस्क्यावर." दादांचा आवाज वर्गात मुलांना शिकवतात तसा सावकाश होता, पण बोटं झाकण उघडत आणि लावत होती. "दुसऱ्याचं डोस्क्यावर घिऊन भाकरी कशी खाऊ मी? सांगावं तर तू म्हणला असतास, माझ्या जाग्यावर तुमी का बसलाव. न्हाय सांगावं तर हे असं."

आमच्या पवित्र शास्त्रात एक धाकटा भाऊ थोरल्याच्या जागी आंधळ्या बापापुढे जाऊन बसतो, त्याचा आशीर्वाद घेतो, आणि मग दोघे कितीतरी वर्षं एकमेकांना चुकवत जगतात. ही गोष्ट मी मुलांना दरवर्षी शिकवते, चित्र काढून शिकवते. ती आमच्या मधल्या खोलीत उलटी होऊन नऊ महिने पडली होती आणि मी, उघड्या डोळ्यांची, रुमालातला भुगा शोधत होते. माझं खोटं हे कारण नव्हतं. माझं खोटं म्हणजे नुसतं दार लावून घेणं होतं, आत दादा आधीपासूनच अडकलेले. मला वाईट वाटलं आणि, हेही सांगितलं पाहिजे, थोडी निराशाही झाली, की आठ तुकड्यांवरून इतका नीट लावलेला माझा अर्थ चुकला.

"काय म्हणली?" कुमारांनी विचारलं. नऊ महिन्यांनी भावाला उद्देशून आलेले ते पहिले शब्द. राग नव्हता त्यात, माझ्यासारखाच चौकसपणा होता. "आशीर्वादात काय म्हणली?"

"म्हणली, माझ्या कुमारला वाटंत संभाळ. त्याच्या गाडीत बसल्याल्या समद्यांला संभाळ. आन त्याला येळंवर जेवाय मिळू दे."

कुमारांनी मान खाली घातली. शेवटच्या वाक्यावर त्यांच्या तोंडातून हसल्यासारखा आवाज आला आणि खांदे हलायला लागले. मग पायरीवर चढून ते दादांच्या पुढ्यात गुडघ्यावर बसले, आमच्या फरशीवर, खाकी पँट मळेल याचा विचार न करता. "मग द्या की माझं मला," म्हणाले.

दादांनी डबा माझ्या हातात दिला. शाईचा हात पायजम्यावर पुसला आणि कुमारांच्या डोक्यावर ठेवला. ओठ हलले. सगळं वाक्य म्हणाले की अर्धं, ते मला ऐकू आलं नाही. काकांनी टोपी काढलेलीच होती. आक्का मोठ्याने रडली, ती रडते तेव्हा मोठ्यानेच रडते. हात बराच वेळ डोक्यावर राहिला, इतका की कुमारांनाच शेवटी म्हणावं लागलं, "दादा, गुडघा दुखायलाय."

त्या संध्याकाळी एकच पंगत बसली आणि काकाही बसले. डब्यातले तुकडे दगडासारखे झालेले. आक्काने तुरीच्या आमटीत ते भिजत घातले, एकाच पातेल्यात. कुमार एकेक तुकडा उचलून विचारत होते, "ही कुणाच्या घरची?" आणि दादा सांगत होते, ही सोमेशच्या घरची, ही तीळवाल्यांची, ही ईरण्णाकाकांची. काका म्हणाले, त्यो मला द्या, मीच खातो. जाड, करपलेला तुकडा दादांनी स्वतःकडे ओढला. निघताना काका दारात थांबले आणि म्हणाले, "मग आता पुन्यांदा विचारू का?" आक्का म्हणाली, "सकाळी विचारा काका. रातभर टिकतंय का बघू."

सकाळी सहाला ते आले. मी परातीत पीठ घेऊन बसले होते, आधण कढत होतं. आतून आवाज येत होते. टाकीची मोटर चालू कुणी ठेवली, पाणी वाया किती गेलं, तू लहानपणापासून असाच, तुमी कधी बंद केलीय का स्वतः, असं चाललं होतं. काकांनी टोपी काढली आणि विचारायच्या आधीच कान टवकारले. "काय चाललंय?"

"भांडायलेत," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे हाय काका. सलोखा हाय."

त्यांनी थोडा वेळ ऐकलं. मग म्हणाले, "थापा भाकरी."

मी थापली. भाकरी फुगली, आणि काठाला करपली. दहाच्या उपासनेत पाळकसाहेबांनी ती मोडली, ताट रांगेरांगेने फिरलं, माझा तुकडा घेऊन मी ताट पुढे दिलं, ते उजवीकडे दादांपर्यंत पोचलं. सगळ्यांनी डोळे मिटले. दादांचा रुमाल कुठल्या खिशात आहे हे मी घरून निघतानाच बघून ठेवलं होतं. बघायची मला इतकी ओढ होती की मान आपोआप वळायला लागली. आणि मग, आप्पांच्या परवानगीने म्हणा, मी डोळे मिटले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. आत सगळं लालसर होतं आणि पंखा कुरकुरत होता. आप्पा डोळ्यांचं बोलले होते, कानांचं काही बोलले नव्हते. मी ऐकत बसले. माझ्या भाकरीचा काठ कडक असतो. थोड्या वेळाने, माझ्या उजव्या हाताला, तो चावल्याचा आवाज आला.